गळाची तार

सुभेदारांच्या घरी मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, तेव्हा मी खोली बघायच्या आधी त्यांनी मला बघून घेतलं. मी दारात उभी, काखेत वळकटी, पायांवर उंब्रजपासून चालत आल्याची धूळ. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वर धोतर, खाली चकचकीत काळे बूट. म्हणाले, "बाई, हितनं त्या लिंबापतूर जावा आणि माघारी या." मी गेले आणि परत आले. का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. त्या आवाजापुढे पाय परस्पर चालायला लागायचे. "चालतंय," त्यांनी आत तोंड करून सांगितलं, "खोली उघडा." मग त्यांची बायको पदरात हसू दाबत बाहेर आली. तिला सगळी आळी काकी म्हणायची. "म्हस घेतानाबी असंच चालवून बघत्यात," ती म्हणाली, "मनाला लावून घिऊ नका." मी लावून घेतलं होतं, पण वळकटी खाली ठेवली.

मी सांगलीची. नोकरी लागली ती कृष्णेकाठच्या या गावात, प्राथमिक शाळेत. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या आळीत ऊस होता, म्हशी होत्या, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत होता. सुभेदार पेन्शनीत आलेले, त्यांचा एकुलता मुलगा तेव्हा सीमेवर. घरात काकी आणि नवी सून. सुनेच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा तिला एका सुट्टीपुरता भेटला होता, एवढाच तिचा संसार.

सुभेदारांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे प्रत्येक वस्तूची परीक्षा. साधीसुधी नाही, मोडेपर्यंत. छत्री घेतली की ती वाऱ्यावर उलटी धरायची. बादली आणली की दगडांनी भरून टांगायची. नवीन दोर आला की त्याला स्वतः लोंबकळायचं, आणि हे सगळं अंगणाच्या मधोमध, आळीच्या डोळ्यांदेखत. वस्तू टिकली तर तिच्यावर तेलाचा हात फिरायचा. मोडली तर ते चक्क खूश व्हायचे. "मोडायचं ते हितंच मोडू दे," म्हणायचे, "पाण्यावर न्हाई." मला बघायला एक स्थळ आलं होतं, सातारचं, कारकून. चहा पिऊन झाल्यावर सुभेदारांनी त्याला आडावर नेलं आणि पाणी शेंदायला लावलं. बिचाऱ्याच्या हातून अर्ध्यात पोहरा सुटला. संध्याकाळी सुभेदार मला म्हणाले, "बाई, दोर चांगला हुता." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मनातून मात्र मला तो कारकून तसाही आवडला नव्हता.

हे पाण्यावरचं काय, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. कुठल्याशा डोंगरी नदीवर पूल टाकताना एक दोर तुटला आणि त्यांच्या हाताखालचा एक माणूस वाहून गेला. "दोर माज्या नजरंखालनं गेल्याला हुता," ते म्हणाले, "वरनं बेस्ट दिसत हुता." एवढं बोलून ते उठले आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. त्यानंतर त्यांनी कशाची परीक्षा घेतली तरी मी हसणं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही.

आता तो शिवडा. शिवडा म्हणजे अंगावर खवले नसलेला, लांब मिशांचा, भल्या थोरल्या तोंडाचा मासा. गावाच्या खाली कृष्णेला एक डोह होता आणि त्यात एक जुना शिवडा होता. तो बदकाची पिल्लं ओढून नेतो असं बाया सांगायच्या. मुलगा मागच्या सुट्टीवर आला तेव्हा तो त्याच्या गळाला लागला होता. गावातलं निम्मं माणूस काठावर जमलं. मासा वर आला, त्याचं तोंड दिसलं, आणि त्याच क्षणी गळाच्या वरचा दोरा त्यानं दातांनी कातरला. सुभेदारांनी मुलाला तिथंच, सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. सामान तपासलं नव्हतंस, नजर कुठं होती, फौजेत असाच वागतोस काय. नवी नवरी काठावर उभी होती, तरी थांबले नाहीत. मुलगा हसत होता म्हणे. निघायच्या दिवशी एसटीच्या पायरीवरून म्हणाला, "आबा, पुढच्या सुट्टीला सामान तुमीच करा. पर परवडंल असं करा, न्हाईतर आई मला सोलंल." चैत्रात गावची जत्रा, तेव्हा तो येणार होता. दिवाळीच्या आत बातमी आली की सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. सीमेवर काहीतरी शिजत होतं.

मग सुभेदार सामानाच्या मागे लागले ते असे, की जणू सामान पक्कं झालं तर पोरगं घरी येणारच होतं.

आधी काठी. पहिला बांबू आमच्याच बांधावरचा, तो त्यांनी गुडघ्यावर मोडला. दुसरा कऱ्हाडच्या बाजारातला, तो लिंबाच्या फांदीला अडकवून मोडला. मग वेताची काठी आणली, ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. "ही सलाम करती," म्हणून तीही गेली. त्या हिवाळ्यात काकीला जळण कमी पडलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला घरी होते, तर हे तिथंही हजर. बंदुका, काडतुसं आणि क्रिकेटच्या बॅटी विकणारं एक दुकान होतं, तिथं मला घेऊन गेले. दुकानदारानं काचेच्या कपाटातून परदेशी काठी काढली. हलकी, काळी, चकचकीत, वर तयार रीळ बसवलेलं. सुभेदारांनी ती हातावर तोलली, डोळे मिटले, रीळ कानाशी नेऊन फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं. मग किंमत विचारली. मग विचारलं, "मोडून बघू का?" दुकानदारानं काठी हिसकावून घेतली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "वस्तू लय झ्याक हाय बाई. पर जी मोडून बघाय परवडत न्हाई, ती घेयाबी परवडत न्हाई." शेवटी पाटणच्या डोंगरातली मेसकाठी मिळाली, आतून भरीव बांबूची. तिला ते दोन्ही हातांनी धरून लोंबकळले, ती वाकली आणि सरळ झाली. त्या रात्री काठी देवघराशेजारी उभी राहिली.

रिळाची कथा याहून लांबली. पतंगाची फिरकी झाली, विट्याच्या मागावरची सुताची मोठी कांडी झाली. फिरकीचा दांडा निसटला, कांडी भिजून फुगली. शेवटी सायकलच्या पुढच्या चाकाचं हब काढून त्याला दोन बाजूंना पत्र्याच्या चकत्या आणि एक मूठ बसवली. आतल्या पोलादी गोळ्यांना तेल मिळालं की ते असं फिरायचं, की सोडलं तर थांबायचं नाव नाही. दोरा म्हणजे तंगूस, नायलॉनचा, काचेसारखा. तो मी सांगलीच्या मासळीबाजारातून आणायचा आणि त्यांनी पाण्याच्या घागरीला बांधून लिंबाला टांगायचा. मी शाळेतून आले की अंगणात घागर लोंबत असायची आणि खाली सुभेदार हाताची घडी घालून उभे. काकी चिडायची. "आवं, पोरगं तिकडं बंदुकीच्या तोंडाशी हाय आणि तुमी हितं घागरी टांगताय." ते घागरीकडंच बघत राहायचे. एकदा मीही काकीची बाजू घेतली तर मला म्हणाले, "तिकडचं माज्या हातात न्हाई, बाई. ह्ये हाय."

राहिली फक्त तार. तंगूस कितीही जाड घेतला तरी शिवडा तो कातरणारच. म्हणून गळाच्या वर हातभर तार पाहिजे, बारीक आणि पोलादी. मला घेऊन ते सांगलीहून मिरजेला गेले, सतारी बनवणाऱ्यांच्या आळीत. एका दुकानात एक म्हातारे मुसलमान कारागीर भोपळा घासत बसले होते. सुभेदारांनी तारा मागितल्या, एक बोटाला गुंडाळली आणि ओढायला लागले. बोट लाल झालं, मग पांढरं पडलं. कारागिराच्यानं ते बघवेना. "साब, ये तार गाने की है," ते म्हणाले, "मच्छी मारने की नै." सुभेदार म्हणाले, "चाचा, जी गाती तीच धरती." म्हातारबाबा हसले. पाहिजे तेवढ्या जाडीची तार त्यांच्याकडे नव्हती. मागवून ठेवतो आणि एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवतो, असं ठरलं. आमच्याकडे सगळंच तसं यायचं, औषधापासून वधूच्या फोटोपर्यंत.

हे ठरलं नोव्हेंबरात. डिसेंबरात लढाई पेटली.

लढाईच्या दिवसांत आमच्या आळीत एक शब्द बंद झाला. तो शब्द म्हणजे तार. कुणी ठरवलं नव्हतं, पण धुणं वाळत घालायच्या तारेलासुद्धा बाया दोरी म्हणायला लागल्या. कुंपणाच्या तारेला नुसतं काटेरी. कारण आधीच्या लढाईत या आळीत माणूस गेल्याची तार आली होती, दोन घरं सोडून, आणि त्या घरातल्या म्हातारीनं ती स्वतः दारात उभं राहून घेतली होती. आमचा पोस्टमन भला माणूस. साधी पत्रं असली की तो वळणापासून सायकलची घंटी वाजवत यायचा, जेणेकरून कुणी घाबरू नये. तार असली तर सायकल हातात धरून, बिनघंटीचा चालत यायचा. त्यामुळे दुपारी घंटी वाजली की सगळी आळी श्वास सोडायची. घंटी न वाजता पोस्टमन दिसला, की बाया दारं लावून घ्यायच्या. जणू दार लावलं तर तो पुढच्या घरी जाईल.

सुभेदारांनी या दिवसांत गावात अंधार पाळायला लावला. पाकिस्तानी विमान आमच्या उसावर येणार कशाला? पण दिवेलागणीला ते काठी घेऊन फिरायचे. "कंदील झाका! वरनं इडीसुदिक दिसती!" लोक हसायचे आणि कंदील झाकायचे. रेडिओवर बातम्या लागल्या की ते बूट घालून, पाय जुळवून उभे राहायचे. मुलाची शेवटची खबर येऊन बरेच दिवस झाले होते. सून सगळं काम धावत करायची. तिला चालणं माहीतच नव्हतं त्या दिवसांत.

आणि एका दुपारी कऱ्हाडची गाडी आली. कंडक्टरनं दारातून वाकून स्टँडवरच्या चहावाल्याला हाक मारली, "सुभेदाराची तार आलीया! कुनीतरी घिऊन जावा!"

त्या बापड्याला काय माहीत! तो कऱ्हाडचा. त्यानं पुडकं चहावाल्याच्या हातात दिलं आणि गाडी हलली. पण पुडकं गल्लीत पोचायच्या आधी शब्द पोचला. मी आणि काकी अंगणात शेंगा निवडत होतो. सून पलीकडे भांडी घासत होती. पहिल्यांदा कुठल्यातरी घरातून "अगं बया" असं आलं, मग एक दार वाजलं, मग दुसरं. बाया धावत आमच्या अंगणात शिरल्या. कुणी काही सांगितलं नाही, तरी काकीच्या हातातलं सूप खाली आलं. ती रडली नाही. तिनं माझा दंड धरला आणि इतक्या जोरानं दाबला की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. "आली का," एवढंच तिनं विचारलं.

आधीच्या लढाईतली तार घेणारी ती शेजारची म्हातारी, वाईट बाई नव्हती ती, तिचा पुतण्याच गेला होता तेव्हा. ती सरळ सुनेकडे गेली. तिला वाटलं जे करायचं ते आपल्या हातानं लवकर व्हावं, पोरीला फार वेळ टांगून ठेवू नये. तिनं सुनेचा राखेनं भरलेला हात धरला, उंबऱ्यावर आपटला, आणि एक हिरवी बांगडी फुटली. सून नुसती बघत राहिली.

माझं डोकं फिरलं. मी म्हातारीचा हात ओढून काढला आणि आयुष्यात कुणावर ओरडले नसेन तेवढी ओरडले. "आधी वाचा! काय लिहिलंय ते वाचा आधी! कुणी वाचलंय का?" तार कुणाच्याच हातात नव्हती. आणि तेवढ्यात फाटकातून सुभेदार आले. ते स्टँडवरूनच येत होते, वाटेत त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, कुणाची हिंमत होणार? चेहरा फुललेला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वेटोळं. ते वेटोळं त्यांनी उंच धरलं आणि अख्ख्या अंगणाला ओरडून सांगितलं, "आली! तार आली!"

त्या शांततेचा मला आजही राग येतो. कुणाचा राग, ते नाही कळत.

वेटोळं कसलं ते पहिल्यांदा काकीला समजलं. ती उठली, नवऱ्याच्या हातातून ते घेतलं आणि उकिरड्यावर भिरकावलं. मग म्हणाली, "आवं, खाली बघा." सुभेदारांनी खाली बघितलं. काचांचे हिरवे तुकडे, सुनेच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब. बाया पदर तोंडाला लावून एकेक करून निघून गेल्या. सुभेदार बूट काढून गुडघ्यांवर बसले आणि तुकडे वेचायला लागले. बारीक कणसुद्धा त्यांनी बोट ओलं करून टिपला. सून म्हणाली, "मामंजी, राव दे, मी झाडते." ते म्हणाले, "तू हात लावू नगंस." दुसऱ्या दिवशी त्यांनी उंब्रजहून कासाराला बोलावलं आणि सुनेबरोबर आळीतल्या सगळ्या बायांना बांगड्या भरवल्या, त्या शेजारच्या म्हातारीलासुद्धा, जी विधवा होती आणि नको नको म्हणत होती. तिला त्यांनी काळ्या भरवल्या.

मग ते उकिरड्यावर गेले आणि तार शोधून, धुऊन, पुसून घरी आणली. "तिचा काय गुन्हा," म्हणाले. पण तिला त्यांनी पुन्हा तार म्हटलं नाही. मिरजेची म्हणून तिचं नाव पडलं सतार. आळीनंही ते उचललं. "काय सुभेदार, सतार ताणून बगितली का?" लोक विचारायचे, आणि ते बोटावरचा काळा व्रण दाखवायचे.

लढाई थांबली. रेडिओवर जिंकल्याची बातमी आली, शाळेत आम्ही पेढे वाटले. आळी हळूहळू दारं उघडी टाकायला लागली. इतर घरांत पत्रं यायला लागली, पोस्टमनची घंटी वळणापासून नुसती खणखणायची. आमच्या घरी मात्र काही आलं नाही. काकी म्हणायची, "पोरगं आळशीच हाय लिवायला." सून घंटी वाजली की दारात येऊन जायची.

शनिवारी सकाळची शाळा असायची. त्या शनिवारी दुपारी मी नदीकडच्या वाटेनं येत होते. सुभेदार डोहाच्या काठावर सामानाचा सराव करत होते. मेसकाठी, हबाचं रीळ, तंगूस, सतार, सगळं जोडलेलं, पण गळाच्या जागी शिशाचा गोळा. गळ ते लावतच नव्हते. "त्यो आल्याबिगार गळ लावायचा न्हाई," असा हुकूम होता, आणि हुकूम त्यांनी स्वतःलाच दिलेला. पलीकडे घाटावर बाया धुणं धूत होत्या, त्यात त्यांची सून. आणि वाटेवरून पोस्टमन आला. सायकल हातात धरून. घंटी न वाजवता.

त्या दिवसानंतर तो सुभेदारांच्या घरी जायला भीत असावा, म्हणून नदीवर आला. त्यानं कागद पुढं केला. सुभेदारांनी सही केली, कागद घेतला, उघडला नाही. घाटावरची बडवाबडव थांबली होती. सगळ्या बाया इकडं बघत होत्या, सून हातात पिळा धरून उभी. सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं. मग मान वर करून, अंगणात ओरडायचे त्याच खड्या आवाजात ओरडले, "सतार आली गं! मिरजंची! दुसरी मागवली हुती!" घाटावर कुणीतरी हसलं. सुनेनं पिळा पुन्हा दगडावर आपटला.

त्यांनी रीळ पूर्ण गुंडाळलं, घाई न करता. तंगूस बोटांतून घेत, तपासत. मग मला म्हणाले, "बाई, जरा हिकडं या. काठीकडं बघितल्यागत करा." मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. इंग्रजी त्यांना कामापुरतं वाचता यायचं, पण म्हणाले, "अक्षरं हलत्यात. तुमी वाचा. आणि तोंडावर काय बी आनू नका. बाया बघत्यात."

मी कागद काठीच्या आड धरून उघडला.

"आदी येवढंच सांगा," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "हाय म्हनून लिवलंय, का हुता?"

"आहे," मी म्हणाले.

"पुन्यांदा बघा."

"आहे, सुभेदार. जखमी आहे. पुण्याला लष्करी इस्पितळात आहे. प्रकृती ठीक आहे."

त्यांनी एकदा घाटाकडं बघितलं. मग काठीचं टोक माझ्याकडं करून मोठ्यानं म्हणाले, "हितं जरा वाकती, बगा!" घाटाला ऐकू जाईल असं. मी हो म्हणाले. तोंड सरळ ठेवायला मला इतके कष्ट कधीच पडले नाहीत.

त्या संध्याकाळच्या गाडीनं ते पुण्याला गेले. घरी सांगितलं, रिळाच्या गोळ्या झिजल्यात, पुण्यात चांगल्या मिळतात. काकी म्हणाली, "जावा, जावा, तेवढंच ऱ्हायलंय." चार-पाच दिवसांनी परत आले, ते सकाळी. अंगणात काकीला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं की पोरगं पुण्यात आहे, जखम झाली होती, आता बरं आहे, भात खातंय आणि डॉक्टरला शिव्या देतंय, चैत्राच्या आत घरी येईल. काकी मोठ्यानं रडली. सून उठून आत गेली, देवापुढं साखर ठेवली आणि बाहेर आली ती चालत. धावत नव्हती. आळी दिवसभर येऊन जात होती. "जखम कुठं?" कुणी विचारलं तर सुभेदार म्हणायचे, "फौजीला जखम कुठं आसती? आसती तितंच." मला वाटलं, आनंदानं बोलतायत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला अंगणातून रिळाचा आवाज ऐकू आला. घर्रर, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग पुन्हा घर्रर. मी शाल घेऊन बाहेर आले.

सुभेदार लिंबाखाली उभे होते. बूट घातलेले. डावा हात त्यांनी पंचानं कंबरेला करकचून बांधला होता. मेसकाठीचं बूड उजव्या काखेत धरून, त्याच उजव्या हातानं ते रिळाची मूठ फिरवायला बघत होते. एक फेरा झाला की काठी निसटायची आणि खाली पडायची. ते वाकायचे, उचलायचे, पुन्हा काखेत धरायचे, पुन्हा फिरवायचे. पुन्हा पडायची. त्यांच्या कपाळावर थंडीतही घाम होता.

विचारायला उरलंच काय होतं?

मागं दारात काकी उभी होती. कधीपासून, देव जाणे. ती पायऱ्या उतरून हळूहळू त्यांच्याजवळ गेली.

"कुठला?" तिनं विचारलं.

"डावा."

"कुठवर?"

त्यांनी उजव्या हातानं दंडाला, कोपराच्या वर, बोट लावलं. "सुनंला त्योच सांगनार हाय. मला म्हनला, आबा, तुमी सांगू नगा."

काकीनं डोळे पुसले नाहीत. ती त्यांच्या पाठीमागं गेली, पंचाची गाठ चाचपली आणि म्हणाली, "ढिली हाय. तुमी हात काडून घेताय मधनंमधनं." मग तिनं ती गाठ सोडली आणि पहिल्यापेक्षा घट्ट बांधली. पडलेली काठी उचलून तिनं त्यांच्या उजव्या हातात दिली.

"आता बगा," ती म्हणाली.

सुभेदारांनी काठी काखेत धरली, मूठ फिरवली. दोन फेरे झाले आणि ती पुन्हा निसटली. ते काठीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळले. डोळे लाल होते, आवाज मात्र अंगणात ओरडायचा तोच.

"बाई, ह्ये हब जड पडतंय. रीळ हलकं बगाय लागंल. आणि काठीला बुडाशी कातड्याचा पट्टा, छातीवनं घेयाचा. परवडंल असा. सांगलीला जाचाल तवा मोच्याला इचारून या."

"विचारते," मी म्हणाले.

"पक्का पायजे," ते म्हणाले. "मोडायचं ते हितंच मोडू दे." आणि काठी उचलायला खाली वाकले.